आधी सांगणारा, मग पात्र: कथा-कादंबरीचं विश्लेषण पायरीपायरीने

कथा वाचून झाली की बहुतेकांची वही एकाच पद्धतीने उघडते. वर नायकाचं नाव, खाली विशेषणं: स्वाभिमानी, सोशिक, कष्टाळू, स्वार्थी. मग प्रत्येक विशेषणाला एक प्रसंग चिकटवला जातो, शेवटी ‘लेखकाने ही व्यक्तिरेखा जिवंत केली आहे’ असं एक वाक्य येतं आणि विश्लेषण संपतं. विशेषणं वाईट नसतात, ती फार लवकर येतात. पात्राबद्दल आपल्याला जे काही कळतं ते कोणीतरी सांगितलेलं असतं. तो सांगणारा कोण, त्याला किती ठाऊक आहे आणि तो काय गाळतोय हे न पाहता पात्रावर शिक्का मारला, की पुढचं सगळं त्या शिक्क्यामागे फरफटत जातं.

म्हणून खालचा क्रम असा आहे: घटना, निवेदक (म्हणजे कथा सांगणारा), काळ, मग पात्र. बी.ए., एम.ए.च्या पेपरसाठी लिहिणारे, पुस्तक परीक्षण करणारे आणि वाचनगटात बोलायची तयारी करणारे, सगळ्यांना तो चालेल.

## तयारी

एकच आवृत्ती पक्की करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं प्रकाशन वर्ष लिहून ठेवा. अर्धं वाचन वाचनालयातल्या जुन्या प्रतीवर आणि अर्धं नव्या आवृत्तीवर केलं तर पृष्ठ क्रमांक जुळत नाहीत आणि शेवटच्या दिवशी अवतरणं शोधण्यात वेळ जातो. दिवाळी अंकात आलेली कथा संग्रहात येताना लेखकाने बदललेली असू शकते, तेव्हा दोन्ही पाठ हाताशी असतील तर कोणत्या पाठावर लिहिताय ते आधीच ठरवा.

पाठ्यपुस्तकातला उतारा बऱ्याचदा संक्षिप्त किंवा संपादित केलेला असतो. अशा उताऱ्यावरून ‘लेखक अमुक गोष्ट सांगतच नाही’ असं विधान करू नका, ती संपादनात गेलेली असू शकते. पुस्तक अनुवादित असेल तर आणखी एक पथ्य: पात्रं एकमेकांना ‘तू’ म्हणतात की ‘तुम्ही’, हे पुष्कळदा अनुवादकाने ठरवलेलं असतं. इंग्रजीतून आलेल्या कादंबरीत नवरा-बायकोच्या नात्याविषयी या एका खुणेवरून निष्कर्ष काढला तर तो मूळ लेखकाला लागू होईलच असं नाही.

वाचनं किती? दहा-पंधरा पानांची कथा तीनदा. पहिल्यांदा पेन्सिल न घेता, एका बैठकीत. दुसऱ्यांदा खुणा करत. तिसऱ्यांदा फक्त तुमच्या दाव्याच्या विरोधात जाणाऱ्या जागा शोधत. कादंबरी पूर्ण एकदा, आणि नंतर नोंदींवरून निवडलेली प्रकरणं पुन्हा. प्रस्तावना, मलपृष्ठ आणि बाजारातली मार्गदर्शिका शेवटच्या वाचनापर्यंत बंद ठेवा. प्रस्तावना आधी वाचली की तिच्यातली विशेषणं डोक्यात बसतात आणि मग कथेत तीच सापडत राहतात.

## सरावासाठी उतारा

पुढच्या पायऱ्या समजाव्यात म्हणून या लेखापुरता रचलेला हा छोटा उतारा. पुढे सगळीकडे याचाच आधार आहे, तेव्हा दोनदा वाचा.

‘अण्णा रोज संध्याकाळी ओसरीवर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, आत चहा सांगत. चहाला वेळ लागला की नुसते खाकरत. त्या दिवशी तलाठी आला. अण्णा दोनदा खाकरले. आत सुमननं गॅस बारीक केला. साखरेच्या डब्यात तळाशी दोन चमचे असेल. दूधवाल्याचं मागच्या महिन्याचं राहिलंच होतं. आता कुणाकडे मागायचं? थोरल्या जाऊबाई देवापुढं वाती वळत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नसावं. “सूनबाई, पाहुणे आलेत,” अण्णा म्हणाले. सुमननं दोन कप भरले. एकात साखर घातली. बिनसाखरेचा कप तिनं अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी घोट घेतला. “झकास,” म्हणाले. मग तलाठ्याकडे वळून म्हणाले, “आमच्या घरात कशाला कमी नाही.”’

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: अण्णा गर्विष्ठ आणि खोटे आहेत, सुमन सोशिक आहे. दोन्ही शब्द कच्चे आहेत. का, ते पायऱ्यांतून दिसेल.

## पायरी १: घटनांची यादी, विशेषणांशिवाय

पानावर दोन रकाने आखा. डावीकडे घटना ज्या क्रमाने सांगितल्या आहेत तो क्रम, उजवीकडे त्या ज्या क्रमाने घडल्या तो. प्रत्येक घटना एका ओळीत, त्यात एक क्रियापद आणि विशेषण एकही नको.

उताऱ्यात डाव्या रकान्यात पहिलं येतं ‘अण्णा रोज बसतात’, मग ‘तलाठी येतो’, मग ‘सुमन डबा बघते’. उजव्या रकान्यात मात्र सगळ्यात वर ‘दूधवाल्याचे पैसे थकतात’ जाईल, कारण ते मागच्या महिन्यातलं आहे. ही उधारी आपल्याला तलाठी ओसरीवर बसल्यावर कळते. आधी कळली असती तर अण्णांचं हाका मारणं पहिल्या ओळीपासूनच पोकळ वाटलं असतं. उशिरा कळल्यामुळे आपणही क्षणभर त्या ऐसपैस ओसरीवर विश्वास ठेवतो. रकाने जिथे जुळत नाहीत तिथे असा प्रश्न विचारायचा: हे आधी कळलं असतं तर काय बदललं असतं?

यादीतली सर्रास होणारी चूक म्हणजे निष्कर्षच घटना म्हणून लिहिणं. ‘अण्णा खोटं बोलतात’ ही घटना होत नाही. ‘घरात कशाला कमी नाही असं अण्णा तलाठ्याला सांगतात’ ही घटना. खोटं, की प्रतिष्ठा राखणं, की सुनेला पाठीशी घालणं, हे नंतर ठरेल.

कादंबरीसाठी प्रकरणवार तक्ता करा. प्रत्येक प्रकरण संपल्या संपल्या चार ओळी: कुठे, केव्हा, कोण होतं, काय बदललं. पाचवी ओळ सगळ्यात उपयोगी: ‘अजून काय कळलेलं नाही’. तीनशे पानांची कादंबरी संपल्यावर आपण पहिल्या पन्नास पानांत काय समजत होतो हे आठवत नाही, कारण शेवट कळल्यावर सुरुवातही शेवटाच्या उजेडात दिसू लागते. ही पाचवी ओळ ते जपून ठेवते. पुस्तक संपवून मग तक्ता भरायचा बेत केला तर तो तक्ता राहत नाही, कथानकाचा सारांश होतो.

आता लागोपाठच्या दोन घटनांमध्ये ‘म्हणून’, ‘तरीही’ किंवा ‘आणि मग’ यांपैकी एक शब्द लिहा. ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ जास्त असतील तर कथानक कार्यकारणाने बांधलेलं आहे. ‘आणि मग’ जास्त असतील तर रचना सैल, प्रसंगांची माळ आहे. हा दोष समजू नका. काही कादंबऱ्यांना दिवसांमागून दिवस जाणंच दाखवायचं असतं. फक्त अशा कादंबरीत ‘कलाटणी’ आणि ‘उत्कर्षबिंदू’ शोधायचा हट्ट सोडा.

तपासा: यादीत ‘दिसून येते’, ‘जाणवते’, ‘प्रतीत होते’ असं एकही क्रियापद असेल तर ती ओळ खोडून पुन्हा लिहा.

## पायरी २: निवेदक पकडा

जास्तीत जास्त चुका इथे होतात, म्हणून वेळही इथे जास्त द्या.

पहिली गोष्ट: निवेदक म्हणजे लेखक नव्हे. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये ‘मी’ म्हणून बोलते ती यमू, लेखक पुरुष आहे. तिथे हा घोळ होत नाही. पण निवेदक लेखकाच्याच वयाचा, गावाचा, जातीचा असला की विद्यार्थी बिनदिक्कत ‘इथे लेखक म्हणतो’ लिहू लागतात. ‘लेखक’ हा शब्द रचनेबद्दल बोलताना वापरा (लेखकाने प्रकरण इथे तोडलं आहे), आणि मतांबद्दल बोलताना ‘निवेदक’.

प्रथमपुरुषी निवेदन असेल तर तीन गोष्टी लिहून काढा. सांगणारा आता कुठे आहे आणि घटनांपासून किती वर्षं लांब आहे? तो कुणाला सांगतोय? आणि त्याला काय कळणं शक्यच नव्हतं? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक हा वाडीत नव्याने आलेला तरुण मास्तर आहे. वाडीतल्या माणसांबद्दल आपल्याला जे कळतं ते त्याने पाहिलेलं किंवा त्याच्या कानावर आलेलं. अशा पुस्तकातल्या पात्रांवर लिहिताना ‘अमका मनातून खचला होता’ असं ठोकून देता येत नाही. ‘मास्तरला तो खचलेला दिसतो’ इतकंच म्हणता येतं. हा फरक किरकोळ वाटेल, पण चांगलं विश्लेषण आणि ढोबळ विश्लेषण इथेच वेगळं होतं.

एकाहून अधिक निवेदक असतील तर प्रत्येकासाठी वेगळं पान करा. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. तिथे देवयानीची व्यक्तिरेखा एका रकान्यात लिहिणं चूक आहे. ययातीची देवयानी, शर्मिष्ठेची देवयानी आणि देवयानीची देवयानी असे तीन रकाने लागतात. ते जिथे एकमेकांशी भांडतात त्या जागा विश्लेषणाचा खरा ऐवज.

तृतीयपुरुषी निवेदन असेल तर ‘सर्वज्ञ निवेदक’ (सगळ्यांच्या मनातलं जाणणारा) असं लिहून मोकळं होऊ नका. ‘तो’, ‘ती’ म्हणणारा प्रत्येक निवेदक सर्वज्ञ नसतो. पुष्कळदा तो एका पात्राच्या खांद्यावरून बघत असतो. कुणाच्या, हे शोधायला सोपी चाचणी आहे: उताऱ्यात त्या पात्राच्या नावाजागी ‘मी’ घालून वाचा. फक्त सर्वनामं आणि क्रियापदांची रूपं बदलून वाक्यं जशीच्या तशी चालली तर नजर त्या पात्राची.

वरच्या उताऱ्यात करून बघा. ‘आत मी गॅस बारीक केला. साखरेच्या डब्यात तळाशी दोन चमचे असेल. थोरल्या जाऊबाई वाती वळत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नसावं.’ कुठेही खटकत नाही. आता अण्णांना ‘मी’ करा. ‘चहाला वेळ लागला की मी नुसता खाकरत असे’ चालतं, पण डब्यात साखर किती हे ओसरीवर बसलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणजे सुरुवातीची पाच वाक्यं घरातल्या कोणाचीही असू शकतात, आणि ‘आत सुमननं गॅस बारीक केला’ इथून नजर सुमनची होते. ती जागा पेन्सिलीने रेघ मारून दाखवा.

मराठीत निवेदकाची नजर पकडून देणाऱ्या काही खुणा आहेत. वाचताना त्यांच्याभोवती गोल करा.

तो की ते. निवेदक कोणाला आदरार्थी बहुवचन देतो? उताऱ्यात अण्णा ‘बसत’, ‘म्हणाले’, पण तलाठी ‘आला’. अण्णांच्या तोंडी मात्र तोच माणूस ‘पाहुणे आलेत’ होतो. तलाठ्याला मान अण्णा देतात, सुमनच्या नजरेतून बघणारं निवेदन देत नाही. सासऱ्याला ‘ते’ म्हणणं ही तिची रीत, पण म्हणून तिला सासऱ्याबद्दल आदर वाटतो असं लगेच ठरवू नका. कादंबरीत एखाद्या पात्राचं ‘ते’ मध्येच ‘तो’ झालं तर पान नोंदवून ठेवा.

नसावं, असेल, बहुतेक, म्हणे. ही अंदाजाची किंवा ऐकीव माहितीची रूपं आहेत. सर्वज्ञ निवेदकाला जाऊबाईंना ऐकू आलं की नाही हे ठाऊक असतं, त्याला ‘नसावं’ म्हणायची गरज नाही. हा सुमनचा अंदाज आहे, आणि त्यात टोचणी आहे. ओसरीवरची खाकर माजघरात ऐकू येते हे त्या घरातल्या सगळ्यांनाच माहीत असणार.

च, तर, मात्र, नुसते. एवढ्याशा शब्दांत निवेदकाचं मत लपतं. ‘राहिलं होतं’ ही माहिती झाली. ‘राहिलंच होतं’ म्हटलं की त्यात थकवा येतो.

अवतरणचिन्हांविना आलेला प्रश्न. ‘आता कुणाकडे मागायचं?’ हा निवेदकाचा प्रश्न नाही. पात्राच्या मनातलं वाक्य निवेदनात थेट मिसळलं आहे. अशी वाक्यं कोणत्या पात्राला मिळतात आणि कोणाला कधीच मिळत नाहीत याची मोजदाद करा. कादंबरीभर ज्याच्या मनात आपल्याला एकदाही जाऊ दिलेलं नाही, त्या पात्राबद्दल ठाम बोलताना दहादा विचार करावा.

सावधान: ‘अविश्वसनीय निवेदक’ (ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा) हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. निवेदक चुकला किंवा भावनेच्या भरात बोलला म्हणून तो अविश्वसनीय ठरत नाही. त्याच्याच निवेदनात त्याला खोटं पाडणारा पुरावा असला पाहिजे, आणि तो पृष्ठ क्रमांकासह दाखवता आला पाहिजे.

## पायरी ३: काळ आणि वेग

मराठीत रीतिभूतकाळ हे मोठं साधन आहे. ‘बसत’, ‘मारत’, ‘खाकरत’ म्हणजे रोज, वर्षानुवर्षं. ‘आला’, ‘खाकरले’ म्हणजे एकदाच. या दोहोंच्या सांध्यावर बहुधा ‘त्या दिवशी’, ‘एकदा’, ‘पण आज’ असा शब्द असतो. कथेतले असे सांधे शोधलेत की प्रसंग कुठे सुरू होतो हे आपोआप कळतं. आजच्या लेखनात ‘बसे’ऐवजी ‘बसायचा’ जास्त भेटेल, काम तेच.

सांधा सापडल्यावर विचारा: रोजच्यापेक्षा त्या दिवशी वेगळं काय घडलं? उताऱ्यात अण्णांचं खाकरणं रोजचंच. रोज ते नुसतं खाकरून भागतं, त्या दिवशी दोनदा खाकरूनही भागत नाही आणि त्यांना तोंड उघडावं लागतं. कथेचा प्रसंग इथे आहे, तलाठी हे निमित्त.

कादंबरीसाठी वेगाचा तक्ता करा: एका रकान्यात पानं, दुसऱ्यात कथेतला काळ. एका रात्रीला चाळीस पानं आणि पुढच्या दहा वर्षांना दोन ओळी, असं काही सापडेलच. चाळीस पानं का, यावर सगळे लिहितात. दोन ओळींत काय उरकलं गेलं यावर फार कमी जण. लग्न, बाळंतपण, एखाद्याचा मृत्यू असं मोठं काही अर्ध्या वाक्यात गेलं असेल तर थांबा. निवेदकाला ते महत्त्वाचं वाटलं नाही, की त्याला ते सांगवत नाही? दोन्हींचा अर्थ वेगळा, आणि उत्तर आजूबाजूच्या पानांत शोधावं लागतं.

## पायरी ४: पात्राची नोंद

आता कुठे पात्र. प्रत्येक मुख्य पात्रासाठी पाच रकाने: तो काय करतो, काय बोलतो, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, निवेदक काय म्हणतो, आणि करता आलं असतं पण काय केलं नाही. प्रत्येक नोंदीपुढे पान. तीन पानांच्या कथेतही एका पात्राच्या आठ-दहा नोंदी सहज होतात. कमी भरल्या तर वाचन घाईत झालंय असं समजा.

या रकान्यांचं वजन सारखं नसतं. कृती सगळ्यात भरवशाची. बोलणं समोर कोण आहे त्यावर बदलतं, म्हणून बोलण्याच्या नोंदीत ‘कोणाशी’ हेही लिहा. इतर पात्रांचं मत जितकं ज्याच्याबद्दल असतं तितकंच बोलणाऱ्याबद्दलही असतं. पाचवा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात.

सुमनच्या नोंदी भरून बघू. कृती: गॅस बारीक करते, दोन कप भरते, साखर एकातच घालते, बिनसाखरेचा कप अण्णांना देते. बोलणं: एक शब्द नाही. न केलेल्या गोष्टी: साखर नाही असं सांगत नाही, जाऊबाईंना हाक मारत नाही, आणि उरलेली साखर दोन्ही कपांत वाटत नाही. हे शेवटचं मोलाचं. एकेक चमचा दोन्हींत घालता आला असता. तिने निवड केली: पाहुण्यापुढे घराची लाज राखायची, आणि टंचाईची चव ज्यांनी चहा सांगितला त्यांनाच द्यायची. ‘सोशिक’ या शब्दात ही निवड कुठे बसते?

आता अण्णा. घोट घेतात. कप परत पाठवत नाहीत, आत ओरडत नाहीत. ‘झकास’ कोणासाठी म्हणाले, तलाठ्यासाठी की आत ऐकणाऱ्या सुनेसाठी? निवेदन सांगत नाही, कारण निवेदन त्यांच्या मनात शिरतच नाही. म्हणजे ‘अण्णा खोटे’ म्हणायला जेवढा पुरावा आहे तेवढाच ‘अण्णांना कळलं आणि त्यांनी सुनेला सांभाळून घेतलं’ म्हणायलाही आहे. अशी जागा मिळाली की ती बुजवू नका, दोन्ही शक्यता लिहा आणि उरलेल्या कथेतून कोणती टिकते ते बघा.

रकाने भरल्यावर प्रत्येक मुख्य पात्रासाठी दोन प्रश्न: त्याला काय मिळवायचं आहे, आणि काय गमावायची भीती आहे? नंतर पहिला प्रवेश आणि शेवटची भेट ही दोन पानं शेजारी ठेवून वाचा. बदल झाला असेल तर कोणत्या घटनेने, हे पायरी १च्या यादीत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

‘सपाट पात्र’ आणि ‘गोल पात्र’ ही इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरची १९२७ची विभागणी परीक्षेत हमखास वापरली जाते, आणि ‘सपाट’ हा शब्द शिवीसारखा. गोल पात्राला अनेक बाजू असतात. सपाट पात्र एका सूत्रावर उभं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच असणं गरजेचं असतं. तलाठ्याला गोल करायला गेलं तर ही कथाच बिघडेल.

गौण पात्रांची चाचणी: ते पात्र काढून टाका आणि कथा मनात पुन्हा चालवा. जाऊबाई काढल्या तरी चहा होतोच, घटना एकही बदलत नाही. मग त्या कशाला? त्या आहेत म्हणून सुमन या घरात एकटी आहे हे कळतं. घटना न हलवता अर्थ हलवणारी अशी पात्रं विश्लेषणात सर्वात जास्त दुर्लक्षिली जातात.

घरातल्या किंवा गावातल्या सत्तेबद्दल लिहायचं असेल तर जडजड संज्ञांआधी साध्या नोंदी घ्या. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण वाढतंय? कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला फक्त नात्याने किंवा जातीने? सुमनला नाव निवेदन देतं, अण्णांच्या तोंडी ती ‘सूनबाई’ आहे. जात, वर्ग आणि लिंगभाव यांवरचा परिच्छेद अशा नोंदींवर उभा राहिला तर तो हवेत तरंगत नाही.

## पायरी ५: भाषा आणि वस्तू

बोलीबद्दल ‘लेखकाने ग्रामीण बोलीचा सुरेख वापर केला आहे’ हे वाक्य लिहायचं नाही. त्याऐवजी पाहा: बोली फक्त संवादात आहे की निवेदनातही? कोणती पात्रं बोलीत बोलतात आणि कोणती प्रमाण भाषेत? एखादं पात्र माणूस बघून भाषा बदलतं का? पात्राच्या लकबी मोजा. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ज्या ठिकाणी वापरतो, त्या दहा-बारा जागा काढून शेजारी ठेवल्या तर त्या लकबीबद्दल काहीतरी नेमकं म्हणता येतं. ‘त्याची भाषा वेगळी आहे’ म्हणून काहीच कळत नाही.

वस्तूंच्या बाबतीत ‘प्रतीक’ हा शब्द उशिरा वापरा. वस्तू किमान तीनदा आली पाहिजे आणि दर वेळी तिचा संदर्भ थोडा सरकला पाहिजे. आमच्या उताऱ्यात साखर प्रत्यक्ष दोनदाच येते (डब्यात आणि कपात), तेव्हा ती सध्या साखरच. कथा पुढे गेली आणि मुलीच्या साखरपुड्यात पुन्हा डबा निघाला, तर बघू.

## पायरी ६: दावा बांधा आणि मोडून बघा

सगळ्या नोंदी समोर ठेवून एक वाक्य लिहा. त्यात पात्र आणि निवेदन दोन्ही असले पाहिजेत, आणि त्याच्याशी एखाद्या शहाण्या वाचकाला असहमत होता आलं पाहिजे.

कच्चा दावा: ‘या कथेत सुमनचं सोशिक व्यक्तिमत्त्व प्रभावीपणे रेखाटलं आहे.’ याला कोण नाही म्हणणार, आणि हो म्हणून तरी काय हाती लागलं?

पक्का दावा: ‘निवेदन सुमनच्या नजरेतून होत असूनही तिला एकही संवाद नाही, त्यामुळे बिनसाखरेचा कप हेच तिचं अण्णांना दिलेलं एकमेव उत्तर ठरतं.’

आता तिसरं वाचन, विरोधी पुरावा शोधण्यासाठी. अण्णांना मधुमेह असल्याचा उल्लेख कुठे आहे का? असला तर बिनसाखरेचा कप रोजचाच, आणि दावा कोसळला. जाऊबाई पुढे सुमनच्या बाजूने बोलतात का? दाव्याविरुद्ध जाणाऱ्या निदान दोन जागा शोधा आणि त्या लेखात घ्या. ‘असं असलं तरी…’ म्हणून त्यांना उत्तर देता आलं तर दावा पक्का. देता आलं नाही तर दावा बदला, पुरावा दडपू नका.

## पायरी ७: लिहिणं

कथानक एक पंचमांशाहून जास्त नको. हजार शब्दांच्या लेखात दोनशे शब्द, तेही सुरुवातीला सलग न ओतता लागेल तिथे. दावा पहिल्या परिच्छेदात यावा. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार यांवर शब्द घालवू नका, प्रश्नात विचारलं असेल तरच.

प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याचा पुरावा, आणि तो पुरावा मुद्दा कसा सिद्ध करतो हे. हा तिसरा भाग नेहमी राहून जातो. अवतरण टाकून विद्यार्थी पुढच्या मुद्द्यावर जातात, जणू वाचकाला ते आपोआप कळेल. अवतरण दोन ओळींपेक्षा मोठं नको. हजार शब्दांत पाच-सहा पुरतात, आणि त्यातला कोणता शब्द महत्त्वाचा ते सांगा: ‘इथे “नसावं” या रूपामुळे…’

कथेतल्या घटना वर्तमानकाळात लिहा: सुमन कप भरते, अण्णा घोट घेतात. अर्धा लेख भूतकाळात आणि अर्धा वर्तमानात गेला की तुमचं वाक्य कुठलं आणि कथेतलं कुठलं ते कळेनासं होतं.

लेख देण्याआधी पेन्सिल घेऊन एकदा फिरवा. ‘प्रभावी’, ‘जिवंत’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’ यांखाली रेघ मारा. प्रत्येकापुढे पृष्ठ क्रमांक देता येत नसेल तर शब्द काढा. ‘लेखक म्हणतो’ जिथे जिथे आहे तिथे खरंच लेखक आहे की निवेदक, ते पाहा. मग लेखातली पात्रांची नावं झाकून वाचा. नावं नसतानाही तो दुसऱ्या कुठल्याही कथेला लागू पडत असेल, तर पायरी २वर परत जा.